सातबाऱ्यावरचं शहर

मगरपट्टा हे पुण्याच्या पूर्वेचं नगर बघायला पाहुणा आला की त्याला झाडं दाखवायची, अशी हडपसरात रीतच पडून गेली आहे. मधली अदिती गार्डन, तिला वळसा घालणारे रस्ते, गच्च्यांवर ओळीनं मांडलेले सोलर बंब, पलीकडे सायबरसिटीतल्या आयटी ऑफिसांच्या काचा. पाहुणा म्हणतो, "पुण्यात आहोत असं वाटतच नाही हो!" आणि आपण खूश. (पुण्यात आहोत असं न वाटणं ही पुणेकरानं स्तुती का समजावी, हे मला अजून उमगलेलं नाही.)

मला तिथं गेलं की झाडांच्या आधी पासबुकं आठवतात. माझी निम्मी नोकरी या भागातल्या एका बँकेच्या शाखेत झाली, आणि काउंटरमागे बसणाऱ्याला गावात काय चाललंय ते पारावर बसणाऱ्याच्या आधी कळतं. कुणाचा मळा विकला गेला, कुणाच्या पोरानं चारचाकी उचलली, कुणी मुदतीआधी एफडी मोडली, सगळं आमच्या टेबलावरून जायचं.

नव्वदचं दशक संपता संपता पुण्याच्या पूर्वेला जमिनीला सोन्याचा भाव यायला लागला होता. मांजरी, फुरसुंगी, वाघोली, खराडी, जिकडे बघावं तिकडे एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटच्या पाट्या. गुंठ्यांवर जमीन विकून अचानक श्रीमंत झालेल्यांना लोकांनी 'गुंठामंत्री' म्हणायला सुरुवात केली. ऐकायला गमतीचं आहे. काउंटरवर ती गंमत फार दिवस टिकायची नाही. एक गृहस्थ अजून डोळ्यांसमोर आहेत. धोतर, टोपी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेला चेक. तो माझ्यासमोर सरकवून म्हणाले, "बाई, यातली शून्यं मोजा बरं. आम्ही मोजली, पण दर येळेला येगळी येत्यात." मी मोजली, दोनदा. बरोबर होती. मुलगा मागे उभा होता, केसांत गॉगल खोचलेला, वडिलांनी असं विचारल्याची त्याला लाज वाटत होती. पुढे बंगला झाला, लेकीचं लग्न झालं, लग्नाला अख्खा तालुका जेवला, दारात स्कॉर्पिओ आली. काही वर्षांनी त्या घरची सून सोनेतारणाच्या रांगेत दिसली. पाटल्या वजनाला देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही फॉर्मवरून मान वर केली नाही.

अशांना उधळे म्हणणं सोपं आहे. पण ज्यानं जन्मभर पैसा पाहिला तो वर्षाकाठचं उसाचं बिल आणि अधूनमधून आडत्याकडून आलेली भाजीची पट्टी एवढाच, त्याच्या हातात सगळ्या पिढ्यांची मिळकत एका दुपारी ठेवल्यावर त्यानं दुसरं काय करायचं होतं? जमीन हा त्याचा धंदा होता, पेन्शन होती, सोयरीक जमवतानाची पत होती. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जायचं कुठं, याचं उत्तर चेकवर लिहिलेलं नसतं.

त्याच काळात मगरपट्ट्याची माणसंही बँकेत येत होती. त्यांचं सगळंच निराळं होतं. एकरकमी मोठा चेक नाही. रक्कम यायची, थांबायची, पुन्हा यायची. पाटाचं पाणी पाळीनं येतं तसं. बारं आपलं झालं की दुसऱ्याचं, मग फिरून आपली पाळी. आणि म्हाताऱ्यांच्या मागोमाग पोरं यायची ती चालू खातं उघडायला. माती उचलायचा ट्रक घेतलाय, फरशी बसवायचं काम घेतलंय, प्लंबिंगचं, वायरिंगचं, बागेच्या देखभालीचं. एकानं फर्मचा शिक्का नुकताच करून आणला होता, शाई इतकी भरलेली की सहीच्या कार्डावर 'प्रोप्रायटर'चा नुसता निळा डाग उमटला. नवं कार्ड दिलं, तेही भरलं. तिसऱ्यावर नीट उमटल्यावर तो जो हसला! बापाच्या जमिनीवरच तो कामाला निघाला होता. फक्त नांगर धरून नव्हे.

हे आपोआप घडलं नव्हतं. मगरपट्टा म्हणजे हडपसर ते मुंढवा रस्त्यालगतची काळी, बागायती जमीन. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा हडपसरातून जातो, त्यामुळे इकडे ऊस, फ्लॉवर, कांदा, पालेभाज्या. एका अंगाला पुणं वाढत होतं, दुसऱ्या अंगाला कारखाने कधीचेच आले होते: किर्लोस्कर न्यूमॅटिक, मुंढव्याला भारत फोर्ज, सिरम. शेत महापालिकेच्या हद्दीत येऊन बसलं, विकास आराखड्यात त्यावर शहराचा रंग चढला, आणि १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची तलवार डोक्यावर टांगली गेली. (हा कायदा महाराष्ट्रानं रद्द केला तो थेट २००७मध्ये.) शेतकऱ्यापुढे दोनच वाटा दिसत होत्या. सरकार घेईल तेव्हा देईल त्या भावानं द्यायची, किंवा त्याआधी बिल्डरला तुकड्या-तुकड्यानं विकून मोकळं व्हायचं.

तिसरी वाट काढली ती सतीश मगर यांनी. स्वतः त्याच भावकीतले, पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे पदवीधर. नव्वदच्या दशकात त्यांनी भाऊबंदांना आणि शेजाऱ्यांना एकत्र बसवलं. सव्वाशेच्या आसपास कुटुंबं, मिळून चारशे एकरांच्या वर जमीन. प्रस्ताव असा, की कुणीच जमीन विकायची नाही. सगळ्यांनी ती एका कंपनीत घालायची, ज्याची जेवढी जमीन त्याचे तेवढे शेअर, आणि ही शेतकऱ्यांची कंपनीच तिथं नगर वसवणार. घरं, ऑफिसं, शाळा, दुकानं, बाग, सगळं. वास्तुरचनेला हफीझ काँट्रॅक्टर. २००० साली बांधकाम सुरू झालं.

आमच्या इकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना परग्रहावरची वाटली नसणार, असं मला नेहमी वाटतं. ऊसवाल्याला शेअर ठाऊक असतो. प्रवरानगरला १९५०मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हापासून या राज्यातला शेतकरी कारखान्याचा 'सभासद' आहे. शेअरचा दाखला ट्रंकेत साड्यांखाली असतो आणि वार्षिक सभेला भाषणापेक्षा जेवणाला गर्दी असते. इथं कारखान्याच्या जागी शहर आलं आणि सहकारी संस्थेच्या जागी लिमिटेड कंपनी. सहकाराची खोड माहीत असणाऱ्यांनी सहकार टाळला, यात शहाणपण होतं. एक सभासद एक मत, मग निवडणूक, मग पॅनेल, मग संचालकांचं राजकारण, आणि गाळप हंगाम कोर्टात, हे सगळं पाहिलेली ती माणसं होती.

पण मला या व्यवस्थेतली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. तुकड्यानं जमीन विकली जाते तेव्हा रस्त्यालगतच्या मालकाची चांदी होते आणि आतल्याला वाट मिळायची मारामार. ज्याच्या वावरावर रस्त्याचं नाहीतर बागेचं आरक्षण पडतं तो बुडाला, शेजारी तरला. म्हणून कुणी आपल्या जमिनीतून रस्ता जाऊ देत नाही, म्हणून आमच्या उपनगरांतल्या गल्ल्या बांधाच्या रेषेनं वाकड्यातिकड्या जातात आणि अचानक कुणाच्या तरी भिंतीला जाऊन थडकतात. हडपसर-मांजरीच्या कुठल्याही गल्लीत उभं राहा, जुना बांध कुठून गेला होता ते डांबरावरून सांगता येईल. सगळ्यांची जमीन एका हिशोबात आल्यावर मात्र कुणाच्या वावरावर टॉवर उभा राहिला आणि कुणाच्या वावरात बाग आली, यानं काही फरक पडत नाही. दोघांना शेअरमागे सारखंच. असं असेल तरच मधोमध पंचवीस एकरांची बाग सोडायला कुणाचं पोट दुखत नाही. पाहुण्याला दाखवतो ती झाडं या जमाखर्चावर उभी आहेत.

आणि विकणारा निघून गेला नाही. बिल्डर प्रकल्प विकून पुढच्या जागेवर जातो. फरशी उचकटली तर त्याला कोण विचारणार? इथं ज्यांनी बांधलं त्यातली बरीच कुटुंबं तिथंच राहिली, ऑफिसच्या इमारती भाड्यानं दिल्या तर ते भाडं त्यांच्याच कंपनीकडे येत राहिलं. रस्त्यावर खड्डा पडला तर तो भागीदाराच्या दारातला खड्डा. 'शाश्वत' हा शब्द हल्ली प्रत्येक ब्रोशरवर हिरव्या पानासकट छापलेला असतो, पण टिकण्याचं याहून साधं कारण मला माहीत नाही.

आता ऑफिस आणि घर एकाच आवारात, या मोठ्या वचनाकडे येऊ. पश्चिमेला हिंजवडीत काय झालं ते पुण्यातला प्रत्येक जण रोज भोगतो. एमआयडीसीनं जमीन घेतली, इन्फोसिस, विप्रो आले, हजारो लोकांच्या नोकऱ्या झाल्या आणि ते हजारो लोक राहायला मात्र दुसरीकडेच. मग सकाळी सगळे एका दिशेनं, संध्याकाळी सगळे उलट, आणि वाकडच्या पुलावर आयुष्याचा हिशोब. मगरपट्ट्यात उलट विचार होता: माणसानं चालत कामाला जावं, पोरं चालत शाळेत जावीत, भाजी, बँक, दवाखाना, व्यायामशाळा सगळं हाकेच्या अंतरावर.

माझी लेक याच मोहानं तिथं भाड्यानं राहायला गेली. सायबरसिटीत नोकरी, दहा मिनिटांत टेबलावर. पहिली दोन-तीन वर्षं ती खरोखर दुपारी घरी येऊन गरम जेवायची, मला फोनवर आमटी कुठली केली ते सांगायची, आणि मला वाटायचं, शहर असावं तर असं. मग तिनं नोकरी बदलली. ऑफिस खराडीला. जावयाचं आधीपासूनच हिंजवडीला. घर तेच राहिलं, कारण पोर तिथल्या शाळेत, मैत्रिणी तिथं, सवय तिथली. आता रोज सकाळी मुंढव्याच्या पुलावरून एक जण उत्तरेला आणि दुसरा आख्खं शहर ओलांडून पश्चिमेला. त्यांच्या उलट दिशेनं खराडीचे, वाघोलीचे, कोंढव्याचे लोक सायबरसिटीत येतात. नकाशावर घर आणि ऑफिस शेजारी ठेवता येतं. माणसाची नोकरी शेजारी बांधून ठेवता येत नाही. आयटीत तर नाहीच. २०२०च्या टाळेबंदीनंतर घरूनच काम सुरू झालं तेव्हा चालत कामाला जायची गरजच संपली, ती बेडरूमपासून हॉलपर्यंत उरली.

तरी मी हे वचन फसलं असं म्हणणार नाही. नोकरी दूर गेली, पण बाकीचं आयुष्य चालण्याच्या अंतरात राहिलं. नातू एकटा सायकलवर शिकवणीला जातो. दूध, औषध, शिंपी, केस कापणं, वाढदिवसाचा केक, कशासाठीही गाडी काढावी लागत नाही. संध्याकाळी बागेत म्हातारी माणसं कट्ट्यावर बसलेली असतात, त्यांतली काही मूळची शेतकरी, पायात अजून कोल्हापुरी. काही मुलाकडे राहायला आलेली, लखनौची, कोइमतूरची. त्यांचं एकमेकांशी काय बोलणं होतं देव जाणे, पण बसतात रोज एकत्र. पुण्यातल्या किती भागांत सत्तरीच्या माणसाला रस्ता ओलांडायची भीती न बाळगता बागेपर्यंत जाता येतं? नोकरीचा प्रवास दिवसाचे दोन तास खातो हे खरं, पण म्हातारपण आणि बालपण हे दोन्ही पायीच जगायचे प्रकार आहेत, आणि त्यांची सोय इथं झाली आहे.

इमारतींच्या नावांचं मात्र मला हसू येतं. डॅफोडिल्स, आयरिस, कॉसमॉस, हेलिकोनिया, झिनिया. हडपसरच्या काळ्या मातीत डॅफोडिल उगवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. फ्लॉवर उगवायचा, तो भाजीचा. एखाद्या इमारतीला कोबी-फ्लॉवरचं नाव दिलं असतं तर भाव कमी आला असता, हे समजण्याइतकी मी बँकेत राहिले आहे.

कचऱ्याचं काम मनापासून आवडावं असं आहे. ओला-सुका वेगळा, ओल्याचं आवारातच गांडूळखत आणि बायोगॅस. ही गोष्ट पुण्याच्या इतर भागात राहणाऱ्याला किरकोळ वाटेल, हडपसरकराला वाटत नाही. कारण सगळ्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या अंगावरून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोला जात राहिला. वाऱ्याची दिशा बदलली की खिडक्या लावून घ्यायच्या. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या. ज्या वसाहतीनं आपली सालं आपल्या आवारात जिरवली, तिनं फुरसुंगीवर तेवढा तरी उपकार केला.

पाण्याचं इतकं सरळ नाही. सांडपाणी शुद्ध करून बागेला घालतात, पावसाचं पाणी जिरवतात, चांगलंच आहे. पण पिण्या-वापरायचं पाणी शेवटी खडकवासल्याच्या साखळीतलंच: टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. ज्या कालव्यानं हा ऊस भिजवला तो इथं संपत नाही. पुढे दौंडला, इंदापूरला जातो. पुण्यानं जास्त उचललं की तिकडचं आवर्तन लांबतं, आणि उन्हाळ्यात दर वर्षी कालवा समितीच्या बैठकीवरून पेपरात भांडण रंगतं. इथला शेतकरी शहराचा भागीदार झाला. त्याच कालव्यावरचा खालचा शेतकरी शहराचा गिऱ्हाईकसुद्धा नाही. त्याच्या पाळीतलं पाणी आपल्या शॉवरमधून येतं, आणि कितीही झाडं लावली तरी हा हिशोब कुठल्या एका आवाराच्या आत मिटत नाही.

आवारावरून आठवलं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी याच पट्ट्यात वाढलेल्या. एकदा लेकीकडे मदतीला म्हणून त्यांना घेऊन गेले होते. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी काचेच्या इमारतींकडे बोट केलं. "ताई, त्या तिथं माझ्या आईनं बेणं लावलंय." मग जरा थांबून, जागा नक्की करून घेत, "तिथं न्हाई, जरा अल्याड. तिथं चिंच हुती." आई रोजानं खुरपणीला जायची. रोज काय मिळायचा ते सोडा. त्याबरोबर उसाचं वाढं म्हशीला फुकट, सरपण, भाजीच्या हंगामात ओटीभर भाजी, आणि अडीनडीला मालकाकडून उचल. हे सगळं मिळून घर चालायचं, आणि यातलं काहीही कुठल्या कागदावर नव्हतं. सातबारा जमिनीचा असतो. त्यावर मालकाचं नाव येतं, कुळाचं येतं, पिकाचं येतं, विहिरीचं येतं, चिंचेच्या झाडाचीही नोंद होते. खुरपणाऱ्या बाईची होत नाही.

त्यामुळे शेअर वाटले तेव्हा तिला वाटणी नव्हती. यात कुणी लबाडी केली असं माझं म्हणणं नाही. कायद्यानं जेवढे हक्क दिसत होते तेवढ्यांचे शेअर झाले, आणि तेही देशात फार थोड्या ठिकाणी झालं आहे. पण शेत जातं तेव्हा मालकाची फक्त जमीन जाते, मजुराचं कामच जातं. मावशी आता पूर्वेकडच्या तीन-चार मोठ्या वसाहतींत पोळ्या करतात. प्रत्येक गेटवर वेगळं कार्ड, वेगळी नोंद, कुठे पर्स उघडून दाखवायची. राहायला त्या भिंतींच्या बाहेर, नाल्याकडेच्या दोन खोल्यांत. घर, ऑफिस आणि सेवा एकत्र आणणारं नगर असं आपण म्हणतो. सेवा करणारी माणसं मात्र रोज सकाळी बाहेरून येतात आणि दुपारी बाहेर जातात. त्यांच्यासाठी कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर हा विचार कुठल्याही ब्रोशरात सापडायचा नाही. आणि चालत जाणाऱ्या खरं तर त्याच आहेत.

मगरपट्ट्यानंतर याच पद्धतीनं सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी झाली, सुमारे सातशे एकरांवर, तिथल्या शेतकऱ्यांना घेऊन. राज्य सरकारचं एकात्मिक नगर वसाहतीचं धोरण आहे, किमान शंभर एकरांचं. त्यात रस्ते, बागा, शाळा, अल्प उत्पन्न गटाची घरं यांचे नियम आहेत. मूळ मालकाला भागीदार करून घ्या अशी सक्ती नाही. म्हणजे शंभर एकर कुणीही एकगठ्ठा विकत घेऊन, बाग करून, सोलर बसवून, त्याच हिरव्या पानाचं ब्रोशर छापू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसणार नाही. पासबुकात दिसेल.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या भाच्यामुळे. माझं माहेर पुरंदरचं, दिवेघाट चढून गेलं की पलीकडे. आषाढात माउलींची पालखी हडपसरहून त्याच घाटानं सासवडला जाते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणीकडे, तेव्हा आम्ही दोन्ही पालख्यांच्या पाया पडून मग माहेरची वाट धरायचो. आता तिकडे विमानतळ होणार म्हणून सात गावांच्या जमिनींचं चाललंय. मोजणीला विरोध, मग बैठका, मग मोबदल्याचे आकडे. भाच्याची जमीन त्या सात गावांत नाही, लगत आहे. पण विमानतळ म्हटल्यावर लगतच्या जमिनीकडेही लोक बघायला लागतात. रोज कोणीतरी पांढऱ्या गाडीतून येऊन चहा पिऊन जातो.

तो मला मगरपट्टा दाखवा म्हणाला. दाखवला, पण झाडांवरून न नेता हिशोबावरून. तो हुशार आहे, पटकन समजला. अंजिराच्या बागेवर एवढी वर्षं काढलेल्या माणसाला पाळीनं येणारा पैसा लगेच कळतो. पण बागेतल्या कट्ट्यावर बसल्यावर त्यानं नेमकं दुखणं सांगितलं. "आत्या, इथं एक भावकी होती. ऐकणारी होती, ऐकवणारा होता. आमच्याकडे तीन वस्त्या, प्रत्येक वस्तीत दोन गट, आणि ग्रामपंचायतीत सगळे एकमेकांच्या विरोधात. चाळीस एकरही एका कागदावर यायचे नाहीत."

खरंच आहे. कंपनी काढायला वकील मिळतो, सीए मिळतो, आर्किटेक्ट मिळतो. एकमेकांच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात गेलेल्या माणसांनी एकमेकांवर सही टाकावी, त्यासाठी काय मिळवायचं ते कुठल्या धोरणात लिहिलेलं नाही. मी म्हटलं, सगळं गाव सोड, तुझ्या चुलत्यांपासून सुरुवात कर. सात-आठ एकर एकत्र आले तरी पांढरी गाडीवाला भाव वेगळा बोलेल. आधी सातबारा साफ कर. आजोबांच्या नावावरची जमीन आहे, वारसनोंदी झाल्यात का? नाहीतर शेअर कुणाच्या नावे देणार?

"ते झालंच जवळपास," तो म्हणाला. "तलाठ्याकडं दिलंय. तायडीचं हक्कसोडपत्र तेवढं राहिलंय, ती दिवाळीला आली की सही करून देणार आहे."

तायडी म्हणजे त्याची धाकटी बहीण, माझी भाची, सातारला असते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४मध्येच दिला, केंद्राचा कायदा त्यानंतर ११ वर्षांनी आला. आणि त्यानंतरही माझ्या काउंटरवर किती बहिणी भावाच्या मागे उभं राहून, पदर सावरत, कुठं सही करू एवढंच विचारत आल्या, त्याला गणती नाही. माहेर तुटू नये म्हणून देतात. भावही वाईट नसतात. त्यांना खरोखर वाटतं की लग्नात दिलं तेवढं पुरे झालं. शेतजमीन कसायची असते तोवर एक वेळ ते चालूनही जातं. पण जमिनीचे शेअर होणार असतील, त्यावर वर्षानुवर्षं पैसा येणार असेल, तर दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी केलेली ती सही फार महागाची असते.

"तिला हे सांगितलंयस का?" मी विचारलं. "विमानतळाचं, भावाचं, तू आज इथं कशासाठी आलायस त्याचं?"

तो नुसताच बागेकडे बघत बसला. मग म्हणाला, "तिला कुठं एवढं कळतंय, आत्या."

"मलाही बँकेत लागले तेव्हा कळत नव्हतं," मी म्हटलं. "फोन लाव तिला. आत्ता. स्पीकरवर."